सनरूफमधून निघालेली नवरी

"गाडी घ्यायची तर आलिशान घ्यायची, आणि आलिशान घ्यायची तर जुनी घ्यायची!" निवृत्तीला महिना झाला नाही तोच चंद्रहास चुरीने निर्मळ गावातल्या आपल्या घराच्या ओटीवर जाहीर केलं. "नवीन गाडीला दुप्पट पैसे मोजतात ते वेडे. तीस वर्षं विमा कंपनीत मी लोकांच्या फुटक्या गाड्या तपासल्या. मला कोण फसवणार?"

त्याची बायको सरोजिनी परडीत चाफा निवडत होती. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही फुटलेल्या तपासल्यात. धडधाकट कधी बघितलीत?"

चंद्रहासने हे ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पण मनावर घेतलं नाही.

गाडी दाखवणारा संग्राम मोठा गोडबोल्या. गाडी परदेशी बनावटीची, सहा वर्षं जुनी, रंग मोत्यासारखा. दार लावलं की तिजोरी बंद झाल्यासारखा आवाज यायचा. "साहेब, एका डॉक्टरची आहे. तो फक्त रविवारी काढायचा," संग्राम म्हणाला.

सरोजिनीने वाकून मीटर वाचला. "सत्त्याऐंशी हजार किलोमीटर? हा डॉक्टर दर रविवारी नाशिकला जाऊन यायचा का?"

संग्राम घाईघाईने म्हणाला, "साहेब, हे बघा, सनरूफ!" त्याने बटण दाबलं. छत सर्रकन मागे गेलं आणि वरून वसईचं निळंशार आकाश आत आलं. चंद्रहास त्या आकाशाकडे असा बघत राहिला, जणू ते आजच बसवलंय.

सौदा झाला. घरची जुनी छोटी गाडी त्याने बदल्यात संग्रामलाच देऊन टाकली. त्याच छोट्या गाडीच्या मागच्या सीट काढून सरोजिनी रोज पहाटे चाफ्या-मोगऱ्याच्या टोपल्या नालासोपाऱ्याच्या बाजारात नेत असे. फुलांची वाडी तिची, गिऱ्हाइकं तिची, गाडीही तशी तिचीच. पण चंद्रहासने तिला विचारलं नाही. गाडी देऊन झाल्यावर सांगितलं.

"मग माझ्या टोपल्या?"

"मोठ्या गाडीतून ने की! डिकी बघ, केवढी आहे!"

दुसऱ्या दिवशी तिने ओली टोपली उचलली, तसा चंद्रहास किंचाळला, "अगं अगं! आत गालिचा आहे!"

त्या दिवसापासून सरोजिनी फुलं स्कूटरवरून न्यायला लागली. एक टोपली पुढे पायांत, एक मागे बांधलेली, उरलेल्यांसाठी दुसरी खेप. ती काही बोलली नाही. त्यावरून चंद्रहासने समजूत करून घेतली की तिची हरकत नाही.

गाडीने मात्र बोलायला सुरुवात केली. निर्मळपासून नालासोपाऱ्यापर्यंत जेवढे स्पीडब्रेकर, तेवढ्या वेळा तिचं पोट घासायचं. मग चंद्रहास गाडी तिरकी घालायचा, आणि मागचे रिक्षावाले त्याच्या सात पिढ्यांची आठवण काढायचे. तिसऱ्या आठवड्यात स्टिअरिंगशेजारच्या पडद्यावर पिवळा दिवा लागला. गावातल्या शेल्डन मेकॅनिकने बॉनेट उघडलं, आतलं काळं चकचकीत झाकण बघितलं आणि देवघराचं दार लावावं तसं बॉनेट अलगद बंद केलं.

"अंकल, हिला पाना नाही चालत. लॅपटॉप लागतो."

"पण झालंय काय?"

"ते लॅपटॉपला माहीत."

लॅपटॉपवाले अंधेरीला होते. त्यांनी जो आकडा सांगितला तो ऐकून चंद्रहासने पिवळ्या दिव्यावर चिकटपट्टी लावली. त्याच दिवशी फडक्याने पडदा पुसताना कुठेतरी बोट लागलं आणि गाडीची भाषा फ्रेंच झाली. ती परत इंग्रजी करायची कशी, हेही फ्रेंचमध्येच लिहिलेलं होतं!

अशातच शेजारचा जेम्स आला. जेम्स आणि चंद्रहास पहिलीपासून एका बाकावरचे. जेम्सच्या लेकीचं, पॉलिनचं लग्न ठरलेलं होतं. मुलगा नंदाखाल गावचा, लग्न तिथल्याच चर्चमध्ये, मिस्सा म्हणजे लग्नाची प्रार्थना दुपारी चारची.

"चंद्रू, नवरीला तुझ्या गाडीतून नेऊया. रोझमेरीची फार इच्छा आहे," जेम्स म्हणाला. रोझमेरी म्हणजे त्याची बायको.

चंद्रहासला आभाळ ठेंगणं झालं. "नेऊया काय, नेणारच! मी स्वतः चालवणार!"

जेम्स गेल्यावर सरोजिनी म्हणाली, "अहो, दिव्यावर पट्टी लावलेली गाडी. लग्नाचं काम. त्यांना खरं सांगा."

"वीस मिनिटांची वाट आहे गं!"

लग्नाच्या दिवशी सरोजिनीने स्वतःच्या हाताने गाडी पांढऱ्या फुलांनी सजवली. गाडी खरोखर इतकी देखणी दिसत होती की चंद्रहासला वाटलं, हिला घेतलं ते सार्थकी लागलं. मागे पॉलिन, तिच्या झग्याचा भलामोठा घोळ आणि त्या घोळात कुठेतरी रोझमेरी. पुढे सुटाबुटात जेम्स. स्कूटरवर सरोजिनी, नवरीचा गुच्छ सांभाळत, मागोमाग.

मोठ्या रस्त्यावर पोचतात तोच समोर गाड्यांची रांग. पुढे दुसऱ्याच कुणाचं वऱ्हाड नाचत होतं.

"चंद्रू, साडेतीन झाले," जेम्स म्हणाला.

"काळजी नको! केळीच्या वाड्यांमधून रस्ता आहे. लहानपणापासून पाठ आहे मला."

रस्ता पाठ होता, पण तो सायकलच्या वयात पाठ केलेला. दोन्ही बाजूंना वाड्यांच्या दगडी भिंती आणि मधून गल्ली. पन्नास पावलांवर गाडीने पिपाण्या वाजवायला सुरुवात केली. उजवीकडून पीं, डावीकडून पीं, मग दोन्हीकडून एकदम. चंद्रहासने आरसे मिटले आणि पोट आत ओढून गाडी पुढे काढली, जणू त्याचं पोट आत गेलं की गाडीही बारीक होईल. तेवढ्यात खालून खर्रर्र! वर आलेल्या एका दगडावर गाडीचं पोट घासलं होतं. पडदा लालभडक झाला आणि त्यावर दोन ओळी उमटल्या.

"काय म्हणतेय?" रोझमेरीने विचारलं.

"अं... शुभेच्छा देत असेल."

पॉलिन संगणकाच्या नोकरीतली मुलगी. तिने मोबाइल पडद्यासमोर धरून भाषांतर वाचलं. "काका, 'गाडी ताबडतोब सुरक्षित जागी थांबवा.'"

गाडीने तेवढीही वाट पाहिली नाही. ती जागच्या जागी थांबली, गिअर आपोआप अडकला आणि चाकं जाम झाली. एसीने एक सुस्कारा सोडला आणि तोही गेला. चंद्रहासने दार ढकललं, ते चार बोटं उघडून भिंतीला टेकलं. दुसऱ्या बाजूचंही तेच. चारी दारं चार-चार बोटं!

वाडीतून माणसं धावून आली. दहा जणांनी मागून रेटा दिला. जुनी छोटी गाडी असती तर त्यांनी ती उचलून अंगणात नेऊन ठेवली असती. ही एक इंचही हलेना. घड्याळात पावणेचार झाले. पॉलिनचा चेहरा रडवेला झाला. "डॅडी, फादरना पाच वाजता दुसरं लग्न आहे. ते थांबणार नाहीत."

मागून सरोजिनीचा आवाज आला. "अहो! ते छताचं बटण चालतंय का बघा!"

चंद्रहासने बटण दाबलं. छत सर्रकन उघडलं. एवढ्या गाडीत तेवढीच एक गोष्ट धड चालत होती.

मग नंदाखालच्या वाटेवर जे दृश्य दिसलं ते तिथली माणसं अजून सांगतात. सनरूफमधून आधी नवरीच्या डोक्यावरची पांढरी जाळी आली, मग नवरी आली, खालून जेम्स ढकलतोय, वरून केळीवाले दोघे ओढतायत, आणि झगा संपता संपत नाही! पॉलिन टपावरून मागच्या काचेवर, काचेवरून डिकीवर घसरली आणि थेट सरोजिनीच्या स्कूटरवर येऊन बसली. जेम्सही कोटाची शिवण उसवत त्याच वाटेने बाहेर पडला. सरोजिनीने स्कूटर वळवली, नवरीने झगा गोळा करून पोटाशी धरला आणि स्कूटर दुसऱ्या वाटेने भुर्रकन निघून गेली. एका केळीवाल्याने जेम्सला मोटरसायकलवर घेतलं.

राहिली रोझमेरी. तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते. ती छताकडे बघून म्हणाली, "नाही जमणार मला."

चंद्रहास म्हणाला, "मी उचलतो..." आणि तिथेच थांबला. त्या छतातून त्याचं स्वतःचं पोटच बाहेर पडणारं नव्हतं.

साडेचारला रोझमेरीचा मोबाइल वाजला. सरोजिनीने चर्चच्या पहिल्या बाकावरून व्हिडिओ कॉल लावला होता. वीतभर पडद्यावर लेक वेदीसमोर उभी होती. खालून झग्याला ग्रीसचा काळा पट्टा लागला होता. रोझमेरी मोबाइल दोन्ही हातांत धरून बघत होती. गाडीत मरणाचं उकडत होतं, बाहेर सजावटीची फुलं माना टाकत होती. पुढच्या सीटवर चंद्रहास स्टिअरिंग धरून ताठ बसला होता. कुठेही जायचं नसताना ते सोडायचं त्याला सुचत नव्हतं.

त्याला वाटत होतं, हिने ओरडावं. चार शिव्या द्याव्यात. रोझमेरी फक्त म्हणाली, "चंद्रहासभाऊ, आवाज कसा वाढवायचा रे ह्याचा? ती 'हो' म्हणेल आता, मला ऐकू येणार नाही."

चंद्रहासने आवाज वाढवला. पॉलिन 'हो' म्हणाली. रोझमेरीने पदराने डोळे पुसले, आणि चंद्रहासने समोरच्या आरशात बघायचं टाळलं.

सहा वाजता क्रेन आली आणि तिने गाडी मागच्या मागे ओढून काढली. दोन्ही बाजूंचा मोतिया रंग भिंतींनी ठेवून घेतला.

लॅपटॉपवाल्यांनी गाडी महिनाभर ठेवून घेतली. ती परत येताच चंद्रहासने विकायला काढली. पहिल्याच रविवारी नालासोपाऱ्याहून अनिश आणि ऋतिका हे तरुण जोडपं आलं. अनिशच्या डोळ्यांत तसंच चकचकीत आकाश उतरलेलं. चंद्रहासने ठरवलं होतं, विचारलं तेवढंच सांगायचं.

"काका, एवढी चांगली गाडी का विकताय?"

"वय झालं आता," चंद्रहास म्हणाला. मग ऋतिकाकडे बघून त्याने विचारलं, "तुम्ही काय करता?"

"माझा जेवणाच्या डब्यांचा व्यवसाय आहे. सध्या व्हॅन आहे, ती देऊन ही घ्यायची, असं हा म्हणतोय..."

"तिला विचारलंस का?" चंद्रहास अनिशवर एवढ्या जोरात ओरडला की कुंपणावरचा कावळा उडाला. आणि मग त्याने सगळं सांगितलं. स्पीडब्रेकर, पिवळा दिवा, चिकटपट्टी, अंधेरी, फ्रेंच, गिअर, गल्ली, रोझमेरी. अनिशचा चेहरा उतरत गेला, ऋतिकाचा उजळत गेला. जाताना ती चंद्रहासच्या पाया पडली.

चंद्रहास घरात आला. सरोजिनी मिक्सरवर खोबऱ्याचं वाटण करत होती. तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला.

"सरोज, माझं चुकलं," तो पुटपुटला. तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं. मिक्सर घरघरत होता.

"काय?"

"म्हटलं, माझं चुकलं!"

"ऐकू येत नाही! मोठ्याने बोला!"

चंद्रहासने डोळे मिटले, छातीत हवा भरली आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "माझं चुकलं!"

नेमका त्याच क्षणी सरोजिनीने मिक्सर बंद केला होता. आरोळी घरातून ओटीवर, ओटीवरून वाडीत आणि वाडीतून कुंपणापलीकडे गेली. 

मग पलीकडून जेम्सचा आवाज आला. "अरे चंद्रू, माहीत आहे आम्हाला! रविवारी दुपारी जरा झोपू दे की!"