रिकाम्या जागेचा राखणदार

रविवार, गणपती विसर्जन होऊन तिसरा दिवस, सकाळी दहा. बालाजी नगर फेज दोन, खुली जागा. हजर: अध्यक्ष रमेशभाऊ हार्डवेअरवाले, सचिव मी, कॉलनीतली आणखी बारा माणसं आणि एक शेळी. दादाराव: हजर, पण सभेत नाहीत.

ही शेवटची नोंद मी माझ्या मनाने केलेली नाही. दादारावांनीच ती तशी लिहायला लावली. ते आमच्यापासून वीस पावलांवर, त्या जागेच्या बरोबर मध्यावर, घडीच्या लोखंडी खुर्चीवर आमच्याकडे पाठ करून बसले होते.

"सभा म्हंजे बी अतिक्रमणच हाय, ताई," ते मान न वळवता म्हणाले. "आज सतरंजी हाय. उद्या फरशी होईन."

"मग तुमची खुर्ची काऊन चालते?" रमेशभाऊंनी विचारलं.

"तिले चार पाय हायेत, पाया एक बी नाही. संध्याकाळी उचलून घरी नेतो."

सभेला परवानगी मिळाली ती लेखी हमीवर. "दुपारी बाराच्या आत सतरंजीसह जागा खाली करून देऊ," असं अध्यक्षांनी लिहून दिलं. दादारावांनी कागदाची चौघडी करून खिशात ठेवली, आणि बाराला पाच कमी असताना उठून उभे राहिले. चर्चा अर्धी राहिली होती. सतरंजी मात्र पूर्ण गुंडाळली गेली.

आमची कॉलनी तेलंगणात, आदिलाबादहून गुडीहत्नूरकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. फेज दोन आहे म्हणून लोक फेज एक विचारतात. फेज एकमध्ये अजून कापूस आहे. छत्तीस प्लॉट, तीन रस्ते आणि कोपऱ्यात दहा गुंठे खुली जागा. शेतजमिनीचे प्लॉट पाडताना शंभर गुंठ्यांत दहा गुंठे सगळ्यांसाठी मोकळे ठेवावे लागतात, हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही कोणी वांकिडीचे, कोणी भीमपूरचे. नोकरीसाठी, दुकानासाठी इथे आलेलो. आम्हाला वाटलं, प्लॉट विकणाऱ्याला त्या कोपऱ्यासाठी गिऱ्हाईक मिळालं नसेल. आम्हाला शिकवलं ते दादारावांनी.

दादाराव पासष्टीचे, उंच, सडपातळ. प्लॉट नंबर छत्तीसमध्ये एकटेच राहतात. बायको गोदाबाई मुलाकडे हैदराबादला, नातवंडं सांभाळायला. शाळा मराठीत सातवीपर्यंत झालेली, पण बांधकामाचे नियम तेलुगूत असतात म्हणून साठीनंतर ते बसच्या पाट्यांवरून तेलुगू वाचायला शिकले. महसुलाचं बोलायला लागले की मात्र वडिलांच्या काळातली उर्दू तोंडात येते. त्यामुळे त्यांच्या एका वाक्यात नियम तेलुगू, दफ्तर उर्दू आणि शिवी आपली असते.

कोणी घर बांधलं की लोक किती खोल्या काढल्या ते विचारतात. दादाराव हद्दीपासूनची मोकळी जागा विचारतात, "सोडलं किती?" आमच्या वास्तुशांतीला ते नारळ घेऊन आले. नारळ माझ्या हातात दिला आणि थेट घराच्या मागे गेले. पाच मिनिटांनी परत येऊन म्हणाले, "समोरून बराबर हाय. मांगून वीतभर कमी सोडलं, ताई. पन तुमचा सभाव चांगला हाय, शेजारी बोलनार नाही." मग जेवले.

मुलींच्या लग्नाचा सल्लाही ते याच हिशेबाने देतात. शिक्षकांच्या मुलीला स्थळ आलं, तेव्हा दादाराव स्वखर्चाने बसने जाऊन मुलाचं घर पाहून आले. "पोरगा नोकरीवाला हाय, दिसाले बी बरा हाय. पन त्याच्या बापानं दोन्ही बाजूनं भिंत हद्दीले भिडवली. जो शेजाऱ्याले उजेड देत नाही, तो सुनेले काय देईन?" शिक्षकांनी स्थळ नाकारलं. पुढे ते घर रस्ता रुंदीकरणात अर्धं गेलं, आणि दादारावांकडे मुलींचे बाप वाढले.

सोमवारी ते नगरपालिकेच्या कचेरीत जातात. काम असलंच पाहिजे असं नाही. एकदा नवीन लागलेला कारकून त्यांना पाहून उठून उभा राहिला आणि त्याने दोन फायली त्यांच्यापुढे ठेवल्या. दादारावांनी त्या शांतपणे वाचल्या, एकीतली चूक दाखवली आणि दुसरी "ठीक" म्हणून परत केली.

पण त्यांचा खरा जीव खुल्या जागेत. तिथे गाडी लावायची नाही. सोयाबीन वाळत घालायचं नाही. पोरांनी क्रिकेट खेळावं, पण स्टंप ठोकायचे नाहीत, "खड्डा म्हंजे पायाची सुरवात." गणपतीच्या मंडपासाठी बांबू रोवायचे होते, तर ते वाळूने भरलेल्या तेलाच्या डब्यांत उभे करायला लावले. शिवाय लेखी हमी.

"अहो, देवाचं काम हाय. बाप्पाकडून कोन लिहून देईन?" रमेशभाऊ वैतागले.

"बाप्पा दहा दिवसांनी जाते. मले त्याची भीती नाही. मंडळ जात नाही."

शेवटी 'गणपतीकरिता' असं लिहून रमेशभाऊंनी सही केली. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दादाराव डबे मोजत होते.

तर, सभा. जिल्ह्याचे चार तुकडे झाले तेव्हा आमच्या कॉलनीला काही फरक पडला नाही, कचेऱ्यांतली कपाटं तेवढी इकडून तिकडे गेली. मग आमचं गाव नगरपालिकेत मिसळलं. ग्रामपंचायतीची पाटी उतरली, आणि नगरपालिकेने प्रत्येक कॉलनीला एक फॉर्म पाठवला: तुमच्याकडे खुली जागा किती, तिचा सध्याचा वापर काय. जे लिहाल ते नकाशावर चढणार. मुदत तीन आठवडे.

रमेशभाऊंच्या मनात तिथे हॉल होता. साखरपुडा, बारसं, सभा. सगळ्यांना पसंत होतं, आणि खोटं का बोलू, मलाही. मी मुलींच्या वसतिगृहाचं भांडार सांभाळते. रिकामं शेल्फ दिसलं की मला चैन पडत नाही. फॉर्मवर 'हॉल प्रस्तावित' लिहायचं, असं त्या रविवारी जवळजवळ ठरलं.

"सिमेंट कोनाच्या दुकानातून येईन?" वीस पावलांवरून प्रश्न आला.

"सेवा म्हणून देऊ, दादाराव."

"मले हॉलबद्दल काही म्हनायचं नाही," ते म्हणाले. हे त्यांच्या स्वभावाला सोडून होतं. नियम सांगितला नाही, कलम सांगितलं नाही. नुसते बसून राहिले, खुर्चीच्या दांड्या दोन्ही हातांनी धरून.

फॉर्म भरणं माझ्याकडे होतं. त्यात एक रकाना होता: प्लॉट पडण्याआधी जमिनीचा पट्टेदार, म्हणजे मालक, कोण. प्लॉट विकणारा कधीच गाव सोडून गेला होता, म्हणून मी तहसीलमध्ये जाऊन जुनी पहाणी काढली. पहाणी म्हणजे कोणाच्या शेतात काय पिकलं याची सरकारी नोंद. अडीच एकर. पट्टेदाराच्या रकान्यात दादारावांचं नाव होतं.

आम्ही सगळे त्यांच्या शेतात राहत होतो. इतक्या वर्षांत त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

त्याच दुपारी मी त्यांच्याकडे गेले. दार उघडं, घरात कोणी नाही. ते खुल्या जागेत होते, उभे, हात लांब करून फोन धरलेला. फोनमधून बाईमाणसाचा आवाज येत होता.

"जरा डावीकडं दाखवा. ते काय हाय?"

"शेळी."

"कोनाची?"

"हाकलतो."

"हाकला लवकर. अन् मातीचा रंग दाखवा. वाकून दाखवा ना."

दादाराव वाकले. फोन जमिनीजवळ नेला.

"पानी धरून राह्यली अजून," आवाज म्हणाला. "इतके वर्स पडीक काऊन ठेवली, म्या म्हनते."

"जमिनीले आराम देऊन राह्यलो."

"बास झाला आराम. दिवाळीले येऊन राह्यले. लहानी शाळेत जाते आता, माहं काम संपलं तिथलं. मेथीचं बी घेतलं, सांबाराचं घेतलं. वांग्याचं तिकडं पाहू."

फोन बंद झाल्यावर त्यांना मी दिसले. माझ्या हातातला पहाणीचा कागदही दिसला.

"बसा, ताई," ते म्हणाले आणि स्वतःची खुर्ची मला दिली. त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

मुलाला हैदराबादला घर घ्यायचं होतं, म्हणून शेत विकलं. गोदाबाईंनी हरकत घेतली नाही. फक्त म्हणाल्या, माझी वाडी ठेवा. हा कोपरा खोलगट, काळी माती, ओल धरणारा. वीस वर्षं त्या इथली वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर आदिलाबादच्या बाजारात नेऊन विकत होत्या. पण प्लॉटवाला म्हणाला, अडीचच्या अडीच एकर दे, नाहीतर राहू दे.

"मंग म्या त्याले इचारलं, का तुले मोकळी जागा कुठंतरी सोडाच लागते ना? तर हे सोड. त्याले बी बरं झालं, खोलगटात घर कोन घेते?" ते जमिनीकडे पाहत होते. "तिले सांगतलं, दहा गुंठे ठेवले तुह्यासाठी. ती सहा महिन्यांसाठी गेली होती, ताई. लहाना झाला, मंग लहानी झाली. मधात एकडाव लग्नाले आली, पाहून गेली, रिकामं होतं. खुश झाली."

"त्यांना हे त्यांचंच वाटतं?"

"तिथं आठव्या माळ्यावर शेजारनींले सांगते, आमची दहा गुंठे जमीन हाय म्हनून."

मी विचारलं, "सभेत नियम का नाही सांगितला? खुल्या जागेवर असा हॉल चालत नाही, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे?"

"आपल्या फायद्याचा नियम सांगाले जीभ उचलत नाही. दुसऱ्याले सांगतो तवा बराबर वाटते."

घरी येऊन मी कामांची यादी केली. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत गेले. तिथल्या साहेबांना मराठी येत नाही, मला तेलुगू जेमतेम; हिंदीत निभावलं.

"मॅडम, 'खाली' नहीं लिखना. यूज लिखो."

"सार, झाड-भाजी लगा सकते?"

"पार्क लिखो. पार्क में कुछ भी हरा लगाओ. लेकिन वो पब्लिक का होगा, किसी एक का नहीं."

पुढच्या रविवारी सभा माझ्या अंगणात घेतली. सगळे जमल्यावर मी सरळ आवाजात कळवलं की फॉर्मवर हॉल लिहिला तर साहेब पाहणीला येतील, आणि आले की एकट्या हॉलची जागा पाहून जाणार नाहीत. छत्तीस घरं मोजतील, समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी.

रमेशभाऊंचा जिना दोन फूट रस्त्यावर आहे. शिक्षकांचं न्हाणीघर हद्दीला टेकलेलं आहे. माझी मागची वीत तर सगळ्या कॉलनीला माहीत. चहा थंड होत गेला.

"तसं पाहिलं तर," रमेशभाऊ म्हणाले, "लेकरांले मोकळी हवा लागतेच."

"पार्क लिहा, पार्क," शिक्षक म्हणाले.

ठराव एकमताने झाला. असं एकमत आमच्याकडे पाण्याच्या टाकीसाठीही झालं नव्हतं. जाताना रमेशभाऊ माझ्याजवळ थांबले. "हे तुमाले दादारावनं शिकवलं?"

"त्यांनी एक शब्द काढला नाही."

"तेच म्हनतो. त्यांनी काढला असता तर आमी भांडलो असतो."

फॉर्म मुदतीच्या चार दिवस आधी दिला, पोच घेतली. नकाशावर आमचा कोपरा आता हिरवा होणार. मी दादारावांना पोच दाखवायला गेले. त्यांनी ती दोनदा वाचली, शिक्का बोटाने चाचपला.

"मेथी लावता येईन?"

"येईल. पण ती सगळ्यांची."

"म्हंजे कोनी बी तोडून नेईन."

"हो. आणि हे गोदाबाईंना माहीत पाहिजे. त्यांनी पेरलेलं उद्या कोणीतरी उपटून नेलं, मग सांगणार का?"

दादाराव बराच वेळ खुर्ची उघडत होते, मिटत होते. "तुमी सांगा ना, ताई. तुमचं सगळं कसं लिहून असते. बाईमानसाचं बाईमानूस आइकते."

"हे तुमचं काम आहे."

"हो," ते म्हणाले. "हायच."

दिवाळीला अकरा दिवस आहेत. त्यांनी दोन दिवस खपून कोपऱ्यातले दगड वेचले आणि वाफे आखले. रोज दुपारी फोन होतो. मी भांडारातून परत येते तेव्हा वाकलेले दिसतात. काल मी फाटकाशी थांबले, त्यांनी नुसती मान हलवली. अजून नाही.

माझ्या या महिन्याच्या यादीत नऊ कामं होती. आठांपुढे खूण झाली आहे. नववं, 'गोदाबाईंना सांगणे', मी दोनदा नव्या पानावर उतरवून घेतलं आहे. त्यापुढे 'कोणी' असा रकाना आखला आहे. तो अजून कोरा आहे.