वजा दोनशे चौसष्ट झाडे

विषय : पाचवीतल्या नातीची गणिताची शिकवणी माझ्याकडेच ठेवण्याबाबत.

उपरोक्त विषयी हकिकत अशी. रोज संध्याकाळी सहा ते सात नात आणि मी जेवणाच्या टेबलावर गणित करतो. दिवसातला तेवढाच तास मी घरात कुणाला तरी हवा असतो. (उरलेले तेवीस तास मी वाटेत असतो, असे आमची ही म्हणते.)

परवा उदाहरण आले : बागेत ४८ रांगा, प्रत्येक रांगेत ३७ झाडे, तर एकूण झाडे किती? चौतीस वर्षे मी आवक-जावक सांभाळली. माझ्या टेबलावर गुणाकार कधी आवक झाला नाही. नात पाणी प्यायला गेली तेवढ्यात मी सुनेच्या लॅपटॉपवर गणिते सोडवणारी साइट उघडली आणि 48×37 टाइप केले. पुढे सवयीने रेघ ओढून तारीख टाकली, 8-7-2025. बिनतारखेचा कागद मी जन्मात पुढे सरकवलेला नाही, आणि नातीलाही तेच शिकवले आहे.

उत्तर आले, वजा २६४.

"आजोबा, झाडं वजा कशी असतील?"

"तोडली असतील. गणितात भावनेला जागा नसते."

तिने विश्वासाने लिहिले. दुसऱ्या दिवशी वहीत बाईंचा लाल शेरा : हे कुणी सांगितले?

"मग तू काय सांगितलंस?" मी नातीला विचारले.

"माझंच चुकलं म्हणाले."

मी लॅपटॉप उघडून सगळे कबूल केले. तिने ती ओळ क्षणभर पाहिली.

"आजोबा, तुमची तारीख वजा झालीय झाडांतून."

सून म्हणाली, "बाबा, मी शिकवणीच्या बाई बघते. सहालाच येतील."

"आणि हे सहाला कुठे जातील? माझ्या स्वयंपाकघरात?" आमची ही म्हणाली.

शेवटी ठरले, जिला शिकायचे तिनेच निर्णय घ्यावा. मी त्याच संध्याकाळी नातीकडे रीतसर अर्ज केला. एकदा पोळलेला असल्यामुळे या वेळी तारीख कटाक्षाने टाळली.

तिने अर्ज दोन्ही बाजूंनी पाहिला, लाल पेन्सिल घेतली आणि लिहिले : तारीख नाही. त्रुटी दूर करून पुन्हा सादर करावा.

"तोवर सहाला येऊन बसत जा," ती म्हणाली, "मी तुम्हाला गुणाकार शिकवते."

अर्ज प्रलंबित आहे.