दाजींची आस्टीन

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आष्टीत घरोघर बैलांची खांदेमळणी चाले. जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यांना लोणी-हळद चोळायची आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ आमचे दाजी हे सगळं मन लावून करत. मग तीच वाटी घेऊन गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला जात आणि मोटारीच्या पुढच्या दोन्ही मडगार्डांना लोणी-हळद चोळत. आवतणही देत. दुसऱ्या दिवशी बॉनेटवर पुरणपोळी ठेवत. ती कुत्रं खाई. दाजी म्हणत, “पोचली.”

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. मोटार म्हणजे बेबी ऑस्टिन. दाजींच्या तोंडी ‘आस्टीन’. आता दाजी नाहीत, आक्काही नाही, म्हणून लिहितो. ती असताना मी हे कुणाला बोललो नाही.

दाजी त्या गाडीच्या प्रेमात पडले तेव्हा मी सोबत होतो. जालन्याच्या जिनिंगात कापूस घालायला गेल्तो. मालकाच्या दोन मोटारी विकायला उभ्या होत्या. एक लांबलचक, अर्धी वरात मावेल अशी. दुसरी ही, पहिलीच्या सावलीत. मालक मोठीचे गुण सांगत राहिला. दाजी लहानीत जाऊन बसले. चाक धरलं नाही, भोंगा वाजवला नाही. शेजारच्या रिकाम्या जागेवर हात ठेवून अंतराचा अंदाज घेतला आणि म्हणाले, “बराबर हाये.” त्या हंगामाचा कापूस त्यातच गेला. चालवता कुणालाच येत नसल्यामुळे मोटार बैलगाडीला बांधून आष्टीला आली.

पुढं ते चालवायला शिकले. पण ब्रेक दाबताना तोंडानं ‘हो, हो’ म्हणायची सवय गेली नाही. मागची बैठक त्यांनी काढून टाकली आणि तिथं सरकीचं पोतं ठेवलं. त्यामुळं गाडीत तिसरं माणूस बसू शकत नसे. तहसीलदारसाहेबांनी एकदा परतूरपर्यंत सोडा म्हटलं, तर दाजींनी अदबीनं छकडा जुंपून दिला. म्हणाले, “साहेब, आस्टीन दम खाऊन राह्यली.”

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. घरात एरवी ते फारसं बोलत नसत. भावांचे संसार एकत्र, वर दाजींची आई, माई. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्यानं बायकोशी बोलायची रीत नव्हती. दाजींना पाणी हवं असलं की ते खांबाला सांगत. खांबामागून आक्का आणून ठेवी.

आक्काला मूल नव्हतं. म्हणून माईंनी नवस बोलला होता, की दर एकादशीला दोघांनी जोडीनं जांबला रामाच्या दर्शनाला जावं. जाताना आस्टीन सुरळीत जाई. येताना गावाबाहेरच्या ओढ्याशी, लिंबाखाली, बंद पडे. दर एकादशीला, नेमकी तिथंच. दिवेलागण झाली की माई गड्याला बैलजोडी घेऊन धाडत. गावात तिला ‘बैलं लागनारी मोटार’ म्हणत. मी बदनापूरहून आष्टीला वरचेवर येत असे; हसणाऱ्यांत मी पुढं होतो.

बहिणीची उन्हातान्हात आबाळ होते असं वाटून मी एक उद्योग केला. आमच्या बदनापूरचा एक गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, आपली मोठी मोटार आस्टीनच्या बदल्यात द्यायला तयार होता. मी ते माईंच्या कानावर घातलं. माई खूश झाल्या. आता समदं घर संगं जांबला जाईल म्हणाल्या. त्या दिवशी दाजी ताटावरून तसेच उठले. एकादशी झाली की गुत्तेदार येणार, असं ठरलं.

त्या एकादशीला बैल घेऊन मीच गेलो, जरा लवकर. ओढ्याच्या अलीकडं बैलांना पाणी पाजत होतो. आस्टीन आली. इंजिनाचा आवाज अगदी ठणठणीत. लिंबाखाली आली आणि मला ऐकू आलं, “हो, हो.”

बंद पडणाऱ्या गाडीला कुणी हो-हो करत नाही.

मी बैल झुडपाआड घेतले. आक्कानं डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि ओटीतल्या शेंगा काढल्या. खांबाशी बोलणारे दाजी हातवारे करून गुत्तेदाराची नक्कल करत होते. आक्का हसत होती. तिचं हसणं मी लग्नानंतर प्रथमच ऐकलं. हे लग्न मीच जमवलं होतं, भरलं घर बघून. आई-वडील गेल्यावर एका सणालाही तिला माहेरी आणलं नव्हतं. तिच्या हातचं जेवत होतो, आणि तेवढ्यानं विचारपूस झाली असं धरत होतो.

मी बैल घेऊन मागं फिरलो आणि अंधार पडल्यावर पुन्हा गेलो.

घरी माईंना म्हणालो, “मोठी गाडी नको, माई. हिला एक जोडी पुरती. ती आडली तर दोन जोड्या लागतेल.”

माईंनी विचार केला. “पेरनीच्या दिवसांत दोन जोड्या कुठून आणावं?” म्हणाल्या. गुत्तेदाराला मी नाही म्हणून कळवलं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी दाजींची उजव्या मडगार्डाला हळद लावून झाली, तेव्हा त्यांनी वाटी माझ्यापुढं धरली. “डाव्या अंगाला तुमी चोळा.”

डावी बाजू आक्काच्या बसण्याची. मी चोळलं. मग रीतीप्रमाणं म्हणालो, “आवतण घ्या, जेवायला या.”

गोठ्याच्या दारात आक्का बैलांचा घास घेऊन उभी होती. “गाडीला म्हनून राह्यलास का रे?”

“न्हाई. तुला. दिवाळीला.”

घास बैलांपुढं ठेवायचा राहून तो तिच्या हातातच राहिला.

दिवाळीला ती दोघं आस्टीननं बदनापूरला आली. दुपारी पोचायची ती दिवे लागल्यावर पोचली. वाटेत गाडी पुष्कळदा दम खात होती म्हणे. त्यांना आणायला गेलेला मी परतूरहून रेल्वेनं आलो. आस्टीनमध्ये सरकीचं पोतं होतं.