टँकर तीनदा येऊन गेला

आमच्या उत्तरहळ्ळीच्या सोसायटीचं ॲप मी एका शनिवारात, एकट्यानं आणि फुकट सुधारून दिलं. हे आधीच सांगतो, कारण नंतर कोणी सांगत नाही.

ॲपच्या पानात दोन खिडक्या होत्या. एक टँकरवाल्या मुनिस्वामींची, दुसरी ज्येष्ठांसाठीच्या शब्दकोड्याची. अशा खिडक्या दुसऱ्यांनी बनवलेल्या असतात. आपल्या पानात त्या भाडेकरूसारख्या राहतात. भाडेकरूला घरमालकाशी बोलता यायला हवं, तशी सोय मी केली. खिडकीनं ‘झालं’ म्हटलं की ॲपनं ऐकायचं आणि छत्तीस घरांना कळवायचं, ‘टँकर रिकामा झाला, पाणी भरून घ्या.’ पाणी टाकीत पडल्यावर मुनिस्वामी मोबाइलवर बटण दाबणार होते, म्हणजे झालंच.

सेक्रेटरी गुंडूराव खूश झाले. रविवारी त्यांच्या मुलीचं डोहाळजेवण होतं, ऐंशी पानं. टाकीच्या तळाशी थोडं पाणी त्यांनी आचाऱ्यासाठी राखून ठेवलं होतं. बाकीचं सकाळच्या टँकरनं येणार होतं.

रविवारी आठ वाजता सगळ्यांचे मोबाइल वाजले: पाणी भरून घ्या. छत्तीस घरांनी नळ सोडले. बादल्या, कळशा, कुकर, तिसऱ्या मजल्यावर तर नातवाचा टब भरला. सव्वाआठला पुन्हा निरोप आला. साडेआठला तिसरा आला, तेव्हा नळातून नुसती हवा येत होती. आचारी धुवायचे तांदूळ समोर घेऊन बसला होता.

टँकर मात्र कोणीच पाहिला नव्हता. गुंडूरावांनी मुनिस्वामींना फोन लावला आणि खोटी बटणं दाबून गिऱ्हाइकाला फसवता का, असं बरंच काही ऐकवलं. मुनिस्वामी भरलेला टँकर घेऊन कनकपुरा रस्त्यापर्यंत पोचले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“तुमच्याच ॲपप्रमाणे मी तीनदा येऊन गेलोय ना, सर?” ते म्हणाले. “मग चौथ्यांदा कशाला येऊ?”

फोन बंद. गुंडूरावांनी माझ्याकडे पाहिलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी जिन्यातच लॅपटॉप उघडून बसलो. तेवढ्यात तळमजल्याच्या नागरत्नम्मा आपलं टॅब्लेट घेऊन आल्या. वय चौऱ्याहत्तर, निवृत्त मुख्याध्यापिका.

“श्रीवत्सा, तुझं कोडं काही बोलत नाही रे,” त्या म्हणाल्या. “पूर्ण सोडवलं, ‘झालं’ दाबलं, तर शाबास नाही की चूक नाही. पुन्हा तपासलं, पुन्हा दाबलं. तीनदा केलं. नेमकं काय चुकलं माझं?”

त्यांनी ‘झालं’ कधीकधी दाबलं, त्या टॅब्लेटवरच्या वेळा मी पाहिल्या. आठ. सव्वाआठ. साडेआठ.

‘झालं’ ही हाक ऐकायला मी ॲपला शिकवलं होतं. ती कोणत्या खिडकीनं मारली, हे विचारायला शिकवलं नव्हतं. उलट उत्तर द्यायचं तर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

“तुमचं काही चुकलं नाही, अज्जी,” मी म्हणालो. “तुमचं बरोबर आहे हे मी सगळ्या इमारतीला कळवलं. फक्त तुम्हाला नाही.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. वर्गात उभं राहिल्यासारखं वाटलं. ॲप बंद करून मी स्कूटर काढली.

मुनिस्वामी कनकपुरा रस्त्यावर टँकरच्या सावलीत कॉफी पीत होते. मी सगळं कबूल केलं, गुंडूरावांच्या वतीनं माफी मागितली. खिडकी, हाक वगैरे त्यांना किती कळलं माहीत नाही, पण एका म्हातारीनं कोडं सोडवल्यामुळे आपल्याला शिव्या बसल्या हे ऐकून ते इतके हसले की कॉफी शर्टावर सांडली. मग गाडीत चढले.

शेवटची पंगत साडेतीनला बसली. गुंडूरावांच्या मुलीनं मला स्वतः पुरणाचे दोन होळिगे वाढले. गुंडूरावांनी पाणीसुद्धा विचारलं नाही.

त्या रात्रीच मी दुरुस्ती केली. आता प्रत्येक हाकेचं नाव-गाव तपासलं जातं, कोडं सोडवणाऱ्याला शाबासकीही मिळते. सोमवारच्या बैठकीत मी ते सविस्तर समजावलं. सगळ्यांनी ऐकलं, माना डोलावल्या आणि एकमतानं ठराव केला की टँकर आला की वॉचमन केंपण्णानं शिट्टी वाजवावी.