गाडीतला होकार

नवनाथराव बोरस्ते यांनी आपली गाडी आतून शांत करून घ्यायचं ठरवलं, ते स्कूटरपायी. एका सकाळी नाशिकमधल्या इंदिरानगरच्या आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ते उतरले, तर स्कूटर जागेवर नाही. चोरी झाली म्हणून ओरडत वर आले, तर उज्वलाताई शांतपणे फोडणी टाकत होत्या.

"चोरी कसली? संतोष घेऊन गेला काल. तुम्हीच तर हो म्हणालात."

"मी? कधी?"

"निफाडहून येताना. गाडीत. चांदोरीच्या पुढे."

संतोष म्हणजे उज्वलाताईंचा धाकटा भाऊ. नवनाथराव मटकन खुर्चीत बसले, कारण चांदोरीच्या पुढे आपण कशाला तरी हो म्हणालो होतो, हे त्यांना पक्कं आठवत होतं. त्यांना वाटलं होतं, बायको काच वर घ्यायला सांगतेय.

त्यांची गाडी जुनी, डिझेलची. हायवेला लागली की टायर घोंघावायचे, दरवाजे थरथरायचे, आणि खालून पत्र्यावर कुणी लाटणं बडवतंय असा आवाज सुरू व्हायचा. पुढच्या सीटवर एसीचा झोत घशाला लागतो म्हणून उज्वलाताई आणि लेक सृष्टी दोघी मागे बसायच्या. नवनाथराव एकटे पुढे. (अनोळखी माणसांना वाटे, ड्रायव्हर ठेवलाय.) मागून काही विचारलं, तर आरशात नुसते ओठ हललेले दिसायचे. पहिल्या "काय?"ला माफी असे. दुसऱ्या "काय?"ला उज्वलाताईंच्या कपाळावर आठी पडे. तिसऱ्या "काय?"ला "काही नाही!" असं उत्तर येई, आणि ते "काही नाही" पुढे घरात आठवडाभर पुरे. म्हणून शहाणा माणूस पहिल्या फटक्यातच "हो, हो" म्हणून मोकळा होतो. अशा रीतीनं नवनाथरावांनी बाल्कनी काचेनं बंद करायला, स्वयंपाकघरात जांभळ्या फरशा बसवायला आणि संतोषला पावसाळाभर घरी ठेवून घ्यायला मनापासून संमती दिली होती.

ऑफिसात मात्र त्यांच्या सहीवाचून कागद हलत नसे. भलेभले ठेकेदार त्यांच्या टेबलासमोर हात बांधून उभे राहत. आणि घरी? स्कूटरच्या दिवशी त्यांचं डोकं फिरलं. आता प्रत्येक शब्द ऐकायचा आणि एकदा तरी ठणकावून "नाही" म्हणायचं! विषय कुठलाही असो.

मुंबई नाक्याजवळ मनोजचं कार डेकोरचं दुकान होतं. त्यानं बोटाच्या पेरानं दरवाजा वाजवून पाहिला. "काका, पोकळ पत्रा आहे सगळा. आतून आवाज दाबणारी डॅम्पिंग शीट मारू. फ्लोअर, दरवाजे, डिकी, काही सोडायचं नाही. मग गाडीत बसा आणि खुशाल झोप काढा."

"झोपायचं नाही," नवनाथराव म्हणाले. "जागं व्हायचंय."

मनोजला काही कळलं नाही, पण गिऱ्हाईक तयार आहे एवढं कळलं. सीटा निघाल्या, कार्पेट निघालं, उघड्या पत्र्यावर काळ्या चिकट शीटा रूळ फिरवून दाबून बसवल्या गेल्या. महागाई भत्त्याचा सगळा फरक त्यात गेला. घरी त्यांनी सांगितलं, सर्व्हिसिंगला टाकलीय.

रविवारी तिघं सासुरवाडीला, निफाडला निघाले. शहर मागे पडलं, गाडीनं वेग घेतला आणि नवनाथरावांच्या अंगावर रोमांच आले. आवाजच नाही! मागे बायकोच्या बांगड्या किणकिणल्या त्यासुद्धा ऐकू आल्या. मायलेकींच्या मात्र काही लक्षात आलं नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीनं त्या एकमेकींच्या कानाशी लागूनच बोलत होत्या.

"मम्मी, आता विचारू?"

"थांब गं. चांदोरी येऊ दे. तिथं ट्रक फार असतात, लगेच हो म्हणतात ते."

नवनाथरावांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. राग तर आलाच, पण आतून गुदगुल्याही झाल्या. या बायांना आज कळेल! त्यांनी मनातल्या मनात "नाही" घोटून पाहिलं. आधी भारदस्त, मग थंड, मग जरासं दुःखी.

चांदोरी आली. सृष्टी पुढे वाकली. "पप्पा, मला चेन्नईला जॉब लागलाय. जाऊ ना?"

घोटून ठेवलेलं सगळं विरून गेलं. स्कूटर, फरशी, असलं काही येईल असं त्यांना वाटलं होतं. हे नव्हतं वाटलं. पोर लांब जाणार होती. तिनं जाऊ नये असं त्यांना खरंच वाटत होतं. ठणकावून दाखवायचं वगैरे काही उरलं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले.

"काय?" सृष्टी म्हणाली.

"नाही जायचं. नाशकात बघू काहीतरी."

मागून उज्वलाताईंचा आवाज आला, बाथरूममध्ये परका माणूस सापडल्यासारखा. "अहो, तुम्हाला ऐकू येतंय?"

नवनाथरावांनी शीटांचं सांगितलं.

"आणि आम्हाला बोलला नाहीत? फसवलंत आम्हाला?"

"मी फसवलं? मी?"

"बरं, ते राहू द्या. तिनं परवाच हो कळवलंय कंपनीला. तिकीटही निघालंय."

"मग मला विचारलं कशाला?"

"म्हणजे? बाप आहात तुम्ही! बापाला न विचारता जाईल का पोर? हे शिकवलंय का आपण तिला?"

नवनाथरावांनी गाडी कडेला घेतली. "आणि बाल्कनी?"

"तिचं काय?"

"मला विचारलंत तेव्हा..."

"तेव्हा घरी कारागीर काचा बसवतच होता. म्हणून तर निफाडला निघालो होतो, घरात धूळ नको म्हणून."

सृष्टी रडकुंडीला आली होती. "पप्पा, तुम्ही हो म्हणालात की मला बरं वाटतं. दरवेळी म्हणता तुम्ही. आजच का असं?"

नवनाथरावांनी गियर टाकला. निफाडपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही, आणि ते न बोलणं त्यांना अगदी स्वच्छ ऐकू येत होतं.

निफाडला सासूबाई लताबाईंनी गाडीचा दरवाजा ठोकून पाहिला. "जावईबापू, गाडीला गोधडी घातली म्हणं? लय थंडी वाजत व्हती का तिला?" जेवणं झाली. निघताना उज्वलाताई म्हणाल्या, "आम्ही दोघी एसटीनं येतो. या गाडीत आता बोलायची सोय राहिली नाही. कांद्याचं पोतं आणि द्राक्षांची पेटी तेवढी तुम्ही घ्या."

आणि मग लाल एसटीच्या मागे नवनाथराव, शेजारी पेटी, मागे पोतं. बसच्या मागच्या काचेत दोन डोकी एकमेकींकडे झुकलेली दिसत होती. पेटीला सीटबेल्ट नव्हता म्हणून गाडी सारखी टुंग टुंग करत होती, तेवढीच काय ती सोबत.

नांदूर नाक्यावर कोंडी झाली. त्यांची गाडी बसच्या बरोबरीला आली. खिडकीतून उज्वलाताईंनी डोकं बाहेर काढलं आणि त्यांना काहीतरी विचारलं. काचा बंद, दरवाज्यात मनोजच्या शीटा. बाहेरचं एक अक्षर आत येईना. त्यांनी काच खाली करायला बटण शोधलं, तोवर मागच्या ट्रकनं हॉर्न लावला, बस हलली, बायकोच्या कपाळावर आठी पडायला लागली.

नवनाथरावांनी मान हलवली. हो, हो.

पोतं खांद्यावर घेऊन ते घरात शिरले, तर संतोष सृष्टीच्या खोलीत टेप घेऊन पलंगाची जागा मोजत होता.

"थँक्यू दाजी!" तो म्हणाला. "ताईचा आत्ताच फोन आला. तुम्ही हो म्हणालात म्हणे."

त्याचे शर्ट केव्हाच सृष्टीच्या कपाटात लागले होते, इस्त्री करून.