मुकादमाचा मागचा पाय

आमचा मुकादम लंगडायला लागला, तेव्हा डॉक्टरकडे नेण्याआधी प्रकरणाची चौकशी आपणच करायची असं मी ठरवलं. (मुकादम म्हणजे आमचा कुत्रा. वय बारा, उंची वीतभर, पण त्याच्या देखरेखीशिवाय घरात काही हलत नाही.) मी विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासतो. खोटं लंगडणारा माणूस मी जिन्यातल्या पावलांवरून ओळखतो, तिथे कुत्र्याची काय कथा!

बायकोचा मात्र चेहरा उतरला होता. या वयात पाय गेला तर तो उठणार कसा, या काळजीने तिला घास जात नव्हता. मी तिला धीर दिला आणि कामाला लागलो. पंजात काटा नाही, नख तुटलेलं नाही, बोटांमध्ये गोचीड नाही. लांब बिस्कीट फेकलं, तर स्वारी चारही पायांवर गेली. मग साक्षी घेतल्या. बायको म्हणाली, दिवसभर ठणठणीत असतो, संध्याकाळी तुम्ही आलात की लंगडतो. शेजारच्या काकूंचंही तेच म्हणणं पडलं.

म्हणजे फक्त माझ्यासमोर लंगडतो. शुद्ध नाटक! मी बायकोला तसा तोंडी अहवाल दिला. तिने तो शांतपणे ऐकला आणि डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली.

डॉक्टरीणबाईंनी त्याचा मागचा पाय हळूच वाकवला. "गुडघ्याची वाटी सरकते आणि परत जागेवर बसते. लहान चणीच्या कुत्र्यांना होतं, त्यात याचं वय. उंचावरून उड्या मारतो का?"

"छे," मी म्हणालो. "घरात कडक शिस्त आहे."

बायको फरशीकडे बघत म्हणाली, "तुमच्या खुर्चीवरून मारतो. दिवसभर तिथेच झोपलेला असतो. दारात तुमची किल्ली वाजली की उडी टाकतो."

मला भरून आलं. त्याच्यावर खोटेपणाचा आळ घेतला याची लाजही वाटली. "माझ्यावर एवढा जीव?"

"जीव कसला. पकडले जाऊ म्हणून पाचावर धारण बसते त्याची."

पाय वाचला, हे महत्त्वाचं. औषध महिनाभर, उड्या कायमच्या बंद. त्यामुळे हल्ली ऑफिसातून आलो की मी इमारतीखाली थांबून फोन करतो. बायको त्याला खुर्चीवरून अलगद उचलून खाली ठेवते आणि मग मला वर बोलावते. परवाही असाच फोन केला.

"आत्ताच डोळा लागलाय त्याचा," ती कुजबुजली. "अर्ध्या तासाने या."