मानाचा सोफा

सुकापूरच्या क्रिकेट स्पर्धेत मानाचा सोफा नेहमी स्पीकरच्या भिंतीला लागून असतो. जेवढा मान मोठा, तेवढा स्पीकर जवळ. मैदान दाजींच्या शेतातलं, म्हणून दाजींचा मान सगळ्यांत मोठा. गेल्या वर्षी प्रत्येक षटकाराला वाजणाऱ्या डीजेने त्यांच्या डाव्या कानात शिट्टी सुरू झाली, ती गणपतीपर्यंत थांबली नाही. अशी आणखी एक स्पर्धा बघितलीत तर कान गेलाच समजा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण मानाची जागा नाकारायची म्हणजे गावाचा अपमान.

शेवटी दिपिकाने, म्हणजे त्यांच्या सुनेने, ती कामाला होती त्या तळोज्याच्या कारखान्यातून कानात घालायचे पिवळे इअरप्लग आणले.

"कानाला बुचं लावून बसू? लोकं काय बोलतील?"

"बाबा, फेटा कानावर ओढून घ्या. कोनाला दिसनार नाय."

दाजी बसले. सोफा थरथरत होता, पण दाजींना भर दुपारी देवळात बसल्यासारखं शांत वाटत होतं. सुनेला मनोमन आशीर्वाद देत ते खेळ बघू लागले.

एवढ्यात निवेदक काशीरामने सत्कारासाठी त्यांचं नाव पुकारलं. एकदा, दोनदा, तीनदा. दाजी मैदानाकडे बघून मंद हसत राहिले. आयोजक प्रणितची नजर बॅनरकडे गेली. त्यावर दाजींचा फोटो पैसे देणाऱ्या बिल्डरच्या फोटोखाली छापला होता. म्हातारा रुसला, पुढच्या वर्षीचं मैदान गेलं, असं त्याने धरूनच टाकलं. त्याने बॅनर उतरवला, डीजे बंद केला, सामना थांबवला. दोन्ही संघ हात जोडून सोफ्यासमोर उभे राहिले.

इतके जण हात जोडून गप्प उभे बघून दाजींना वाटलं, गावातलं कुणीतरी गेलं. त्यांनी आदराने फेटा उतरवला आणि त्या शांततेत खच्चून विचारलं, "कोन गेला रं?"

दोन्ही कानांतली पिवळीधमक बुचं सगळ्या गावाने बघितली. दाजींच्या ते लक्षात आलं तसा त्यांचा चेहरा उतरला. बुचं काढून मुठीत लपवत ते म्हणाले, "डॉक्टर बोलला रं. तुमचा मान मोडायचा नव्हता मना."

प्रणितने स्वतःच्या कानांतून कापसाचे दोन बोळे काढले. "दाजी, आमी तर पयल्या मॅचपासून हे घालतोय. एवढा आवाज तुमच्या मानासाठी ठेवतो."

"आनि मी तुमच्यासाठी बसतो."

स्पीकर उचलून मैदानाच्या पार टोकाला नेले, आवाज निम्म्यावर आला. सत्काराची शाल दाजींनी सोफ्यामागच्या बायकांच्या मंडपात जाऊन दिपिकाच्या खांद्यावर घातली. "तुज्यामुलं कान वाचले, बाय," ते म्हणाले.

सामना पुन्हा सुरू झाला. कित्येक वर्षांनी दाजींना बॅटवर चेंडू लागल्याचा आवाज ऐकू आला. मागून दिपिका हळूच म्हणाली, "बाबा, फेटा घाला, ऊन हाय."

दाजींनी पहिल्या हाकेला फेटा घातला.